जिथे शक्ती कामाला येत नाही : सुपरहिरोपटांतील हेलावणारे प्रसंग आणि समीक्षकांचा आक्षेप

प्रश्न
सायंप्रकाश :

सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी धाकट्या भावाबरोबर ‘स्पायडर-मॅन २’ पुन्हा पाहिला. सॅम रेमी यांचा हा चित्रपट २००४ सालचा, म्हणजे मी शाळेत होते तेव्हाचा. त्यातला आगगाडीचा प्रसंग अनेकांना आठवत असेल, तरी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खलनायक डॉक्टर ऑक्टोपस भरधाव गाडीची नियंत्रणे मोडून निघून जातो. गाडी प्रवाशांनी भरलेली आहे आणि पुढे रूळ संपतात. पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, गाडीच्या तोंडाशी उभा राहून आधी पाय रोवून ती थांबवू पाहतो; ते साधत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळ्याचे धागे फेकून ते दोन हातांनी ओढून धरतो. त्याचा पोशाख फाटला आहे, मुखवटा उतरलेला आहे आणि वेदनेने तो किंचाळतो आहे. गाडी थांबते तेव्हा शुद्ध हरपून तो पुढे कोसळू लागतो, तोच आतल्या प्रवाशांचे हात त्याला सावरतात. ते त्याला डोक्यांवरून हातोहात आत नेतात, खाली निजवतात, आणि त्याच्या उघड्या चेहऱ्याकडे पाहून एक माणूस म्हणतो की हा तर अगदी पोर आहे, माझ्या मुलापेक्षा मोठा नसेल.

या वेळीही मला रडू आवरले नाही. भाऊ चित्रपटांचा अभ्यास करतो. तो म्हणाला की रडू येणे हा चांगल्या कलेचा पुरावा होऊ शकत नाही, कारण नेमक्या क्षणी व्हायोलिन वाजवले की माणसाचे डोळे भरून येतातच. त्याने अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांचा दाखला दिला. मार्व्हलचे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, त्यांची जातकुळी मनोरंजन उद्यानांची आहे, असे त्यांनी २०१९ साली एका मुलाखतीत म्हटले होते. त्या चित्रपटांत खरा भावनिक धोका नसतो आणि काहीही पणाला लागलेले नसते, असेही त्यांनी नंतर लिहिले. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी तर त्या मुलाखतीच्याच महिन्यात याहून कठोर शब्द वापरला होता.

मला भावाला उत्तर देता आले नाही, आणि ते मनाला लागून राहिले आहे. याच प्रकारच्या चित्रपटांत अख्खी शहरे जमीनदोस्त होताना मी कोरड्या डोळ्यांनी पाहिली आहेत. मग एका बेशुद्ध मुलाला अनोळखी माणसांनी उचलून घेतले, एवढ्याने माझा गळा का दाटून येतो? समीक्षकांचा आक्षेप खरा असेल तर हा प्रसंग त्यातून सुटतो कसा? आवडत्या चित्रपटांची यादी देण्यापेक्षा जाणकारांनी एखादा प्रसंग घेऊन तो मनावर परिणाम कसा करतो हे उलगडून सांगितले, तर मी आभारी होईन.

कृष्णधवल :

सायंप्रकाश, मी आपल्या भावाची बाजू घेणार आहे, मात्र ती त्याने मांडली त्यापेक्षा थोडी वेगळ्या तऱ्हेने मांडावी लागेल.

मुलाखतीतली ती दोन वाक्ये जगभर फिरली. त्यानंतर, नोव्हेंबर २०१९ मध्ये, स्कोर्सेसी यांनी न्यू यॉर्क टाइम्समध्ये जो सविस्तर लेख लिहिला तो वाचल्याशिवाय या वादात पडू नये असे मला वाटते. या चित्रपटांवर प्रतिभावान माणसे काम करतात हे त्यांनी त्यात मान्य केले आहे, आणि आपण आज तरुण असतो तर कदाचित आपल्यालाही ते आवडले असते, असेही म्हटले आहे. हिचकॉकचा प्रत्येक नवा चित्रपट हा त्या काळी एक सोहळाच असे, याचीही त्यांनी आठवण काढली आहे. त्यांची खरी तक्रार पडद्यांविषयी आहे. मोठ्या पडद्यावर काही पाहायचे म्हटले की मालिकांमधले चित्रपट हाच मुख्य पर्याय उरतो आणि बाकीच्या चित्रपटांना जागा मिळत नाही, हे त्यांचे दुःख आहे. त्यांचा स्वतःचा ‘द आयरिशमन’ नेटफ्लिक्सच्या पैशावर उभा राहिला आणि चित्रपटगृहांत मोजकेच दिवस टिकला. ही तक्रार मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नसावी. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला सोयीच्या वेळेचा खेळ मिळावा म्हणून २०१५ साली आपल्या राज्य सरकारला सक्तीची भाषा करावी लागली होती.

आता पणाला काही लागत नाही या मुद्द्याकडे वळतो, कारण आपला प्रश्न त्याविषयी आहे. १९७८ सालच्या रिचर्ड डॉनर यांच्या ‘सुपरमॅन’मध्ये या साऱ्या परंपरेतले सर्वांत खरे वाक्य आहे असे मी मानतो. शेतावरच्या घराच्या अंगणात बाप-लेक बोलत येतात, गमतीने धावू लागतात, आणि बापाचे हृदय बंद पडते. अंत्यविधीच्या वेळी क्लार्क आईला म्हणतो की एवढ्या सगळ्या शक्ती अंगात असूनही मी त्यांना वाचवू शकलो नाही. ज्याच्या हाताला डोंगर हलतो, त्याला एक थांबलेले हृदय चालू करता आले नाही. पण त्याच चित्रपटाच्या शेवटी लोइस लेन भेगाळलेल्या जमिनीत मोटारीसह गाडली जाऊन मरते, आणि सुपरमॅन पृथ्वीभोवती वेगाने फिरून काळच मागे नेतो व तिला परत मिळवतो. म्हणजे बापाच्या कबरीपाशी जे सत्य सांगितले, ते दोन तासांत खोडून टाकले. पुढच्या साडेचार दशकांत या प्रकारातला मृत्यू बहुतेक वेळा असाच खोडला जात आला आहे. मार्व्हलच्या २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये निम्मी जीवसृष्टी धुळीत मिळते, त्यात ब्लॅक पँथर हा नायकही जातो, आणि त्याचा स्वतंत्र चित्रपट जेमतेम २ महिन्यांपूर्वी तुडुंब गर्दीत लागलेला असतो. तो परत येणार हे ठाऊक असताना प्रेक्षकाने शोक कशाचा करायचा?

आणखी एक सांगितले पाहिजे. समीक्षक या चित्रपटांचे शत्रू आहेत, हा समज सोडून द्यावा. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २००२ च्या पहिल्या ‘स्पायडर-मॅन’ला ४ पैकी अडीच तारे दिले होते आणि दुसऱ्याला पूर्ण ४ दिले. १९७८ च्या ‘सुपरमॅन’नंतरचा या प्रकारातला सर्वोत्तम चित्रपट, असे त्यांनी त्याचे वर्णन केले. दिग्दर्शक तोच होता आणि नायकही तोच होता, तरी समीक्षकाने दोन्हींत फरक केला. तो फरक कशामुळे पडला, हे शोधले तर आपल्याला उत्तर मिळेल. ते आगगाडीत सापडेल असे मात्र मला वाटत नाही. त्याच चित्रपटात पीटरला वाढवणाऱ्या मे मावशी आणि पीटर यांचा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी घडणारा प्रसंग आहे. तो कृपया पुन्हा पाहावा.

मधली ओळ :

कृष्णधवल यांच्या प्रतिसादातला पडद्यांचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. मृत्यू खोडला जातो म्हणून शोक पोकळ ठरतो, हे मात्र पटत नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या ६व्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ यांच्यातला भेद सांगितला आहे. करुण हा निरपेक्ष असतो, म्हणजे गेलेले माणूस पुन्हा भेटण्याची आशा त्यात उरलेली नसते. विप्रलंभ सापेक्ष असतो, म्हणजे ताटातूट असली तरी भेटीची आस जिवंत असते. विप्रलंभ हा शृंगाराचा प्रकार असल्यामुळे तो येथे जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्यामागचे तत्त्व फार उपयोगी आहे. ‘इन्फिनिटी वॉर’च्या शेवटी धूळ होऊन गेलेली माणसे आपल्यासाठी सापेक्ष आहेत, तर त्याच्या पुढच्या ‘एंडगेम’मध्ये आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्क मरतो तो निरपेक्ष आहे. दोन्हींची जात वेगळी असली, तरी दोन्ही ठिकाणी डोळे भरून येतात.

प्रश्न असा आहे की आशा नेमकी कोणाला आहे. हरिश्चंद्राचे आख्यान आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ऐकले गेले आहे. सर्पदंशाने गेलेल्या रोहिदासाचे प्रेत घेऊन तारामती स्मशानात येते आणि डोंबाचा चाकर झालेला हरिश्चंद्र आपल्याच मुलाच्या दहनासाठी तिच्याकडे कर मागतो. देव येतील आणि मूल उठून बसेल, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून ठाऊक असते. तरीही कीर्तनाला बसलेली म्हातारी माणसे उपरण्याने डोळे पुसतात, कारण हरिश्चंद्राला ते ठाऊक नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपला पहिला चित्रपट काढला तो याच कथेवर. शेवट आधीच माहीत असण्याची आपल्याला कधीच अडचण वाटली नाही. अडचण येते ती पात्रालाही शेवट ठाऊक असल्यासारखे ते वागू लागले की. अनेक सुपरहिरोपटांत कोणीतरी मरते आणि पुढच्याच क्षणाला दुसरे पात्र विनोद करते; तेथे मला समीक्षकांचे म्हणणे शंभर टक्के पटते. उलट, ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये टोनीच्या गळ्याला बिलगून आपल्याला जायचे नाही असे विनवणारा तो मुलगा, म्हणजे तिथला पीटर पार्कर, पाहा. पुढच्या चित्रपटाचा करार आपल्याला ठाऊक आहे, त्या दोघांना नाही. म्हणून तो प्रसंग टिकतो.

आता आपल्या आगगाडीकडे येतो. तेथे मृत्यूच नाही, त्यामुळे तो खोडण्याचा प्रश्नही नाही. मला वाटते, गाडी थांबते त्या क्षणी आपल्याला रडू येत नाही. तोवर आपण फक्त श्वास रोखून बसलेलो असतो. रडू येते ते त्यानंतर, जेव्हा राखणारा आणि राखले जाणारे यांच्या जागा बदलतात. मुखवटा नसल्यामुळे प्रवाशांना प्रथमच त्याचे वय दिसते, आणि ‘माझ्या मुलापेक्षा मोठा नसेल’ या साध्या शब्दांनी तो नायक न राहता त्यांचा मुलगा होऊन जातो. म्हणजे हे वीररसाचे दृश्य पाहता पाहता वात्सल्यात उतरते. पुढे दोन लहान मुले त्याचा मुखवटा त्याला परत देतात आणि कोणाला सांगणार नाही असे वचन देतात. डॉक्टर ऑक्टोपस परत येतो तेव्हा तीच साधी माणसे पुढे होऊन म्हणतात की त्याच्यापर्यंत जायचे असेल तर आधी आमच्याशी गाठ आहे. तो त्यांना सहज बाजूला सारतो आणि त्यांच्या उभे राहण्याने काहीही साध्य होत नाही. ज्यांच्याजवळ कसलीही शक्ती नाही, ती माणसे हे करतात. व्हायोलिन काढून टाकून हा प्रसंग पाहावा आणि आपल्या भावालाही तसाच दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

शुश्रूषा :

मी येथे क्वचितच लिहिते. आपण एक प्रसंग उलगडून सांगा असे म्हटलेत म्हणून लिहिण्याचे धाडस करते आहे. मला शास्त्र येत नाही. मी ‘लोगन’विषयी बोलणार आहे.

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला होता. शेवटची ५ वर्षे मी त्यांची देखभाल केली. ते शिक्षक होते, गावात त्यांच्या शब्दाला मान होता, आणि त्यांचा आवाज घरात आला की आम्ही भावंडे सरळ बसायचो. तोच माणूस मला ओळखेनासा झाला, अंघोळीला नेताना हात झटकू लागला, रात्री २ वाजता शाळेची वेळ झाली म्हणून चपला शोधू लागला. २०१७ साली भाचा मला ‘लोगन’ पाहायला घेऊन गेला तेव्हा या सगळ्याचे ३रे वर्ष चालू होते, आणि मला त्या चित्रपटाविषयी काहीही माहिती नव्हती.

जेम्स मॅनगोल्ड यांच्या या चित्रपटात वुल्व्हरिन म्हणजे लोगन याचे गुरू, ‘एक्स-मेन’चे प्रमुख चार्ल्स झेव्हियर नव्वदीत पोहोचलेले आहेत. ज्यांच्या मनाची ताकद जगात सर्वांत मोठी, त्यांच्याच मेंदूला तो झिजवत नेणारा आजार जडला आहे. त्यांना झटका आला की आसपासच्या साऱ्या माणसांची शरीरे जागच्या जागी जखडून जातात, म्हणून लोगनने त्यांना सीमेपलीकडे मेक्सिकोत, आडव्या पडलेल्या एका जुन्या पाण्याच्या टाकीत लपवून ठेवले आहे. लोगन गाडी चालवून पैसे कमावतो आणि त्यातून औषधे आणतो. म्हातारा त्याला घालूनपाडून बोलतो, ओळखतो आणि विसरतो. लोगन चिडतो, आवाज चढवतो, आणि तरी त्याला उचलून अंथरुणावर ठेवतो. प्रवासात तो त्याला आधार देऊन प्रसाधनगृहात नेतो. चित्रपटगृहात त्या ठिकाणी काही जण हसले. मला हसू आले नाही, कारण बगलेत हात घालून म्हाताऱ्या माणसाला उभे करताना पाठीच्या कोणत्या भागात कळ उठते हे मला माहीत होते. ह्यू जॅकमन यांनी ती कळ चेहऱ्यावर आणली होती. रागावून मग लगेच ओशाळणे हे तर मी रोज जगत होते. हे मी तोपर्यंत कोणत्याही कौटुंबिक मराठी किंवा हिंदी चित्रपटात इतके खरे पाहिले नव्हते. आमच्याकडचे आजारी वडील पडद्यावर फार स्वच्छ आणि समजूतदार असतात.

वाटेत एका शेतकरी कुटुंबाच्या घरी त्यांना जेवण आणि बिछाना मिळतो. रात्री चार्ल्स अंथरुणावर पडून सांगतात की कितीतरी दिवसांनी इतकी सुंदर रात्र मिळाली, पण आपण तिला पात्र नाही, कारण आपल्या हातून काय घडले होते ते आता आठवले आहे. इतकी वर्षे विसरलेली गोष्ट त्यांना याच क्षणी आठवते आणि ते ती लोगनला सांगत आहेत असे त्यांना वाटते. समोर उभा असलेला मात्र लोगन नसतो, त्याच्यासारखा दिसणारा, प्रयोगशाळेत बनवलेला मारेकरी असतो. वार होतो तेव्हा त्यांना वाटले असेल की आपल्या मुलासारख्या माणसानेच आपल्याला मारले. खरा लोगन धावत येऊन त्यांना उचलतो आणि तो मी नव्हतो, तो मी नव्हतो, असे सांगत राहतो. त्यांना ते समजले की नाही हे आपल्याला कळत नाही.

नंतर पाण्याच्या काठी तो त्यांना पुरतो. शेजारी प्रवासात त्यांच्याबरोबर असलेली लहान मुलगी लॉरा उभी आहे. लोगनला काहीतरी बोलायचे आहे. येथे पाणी आहे, एवढेच तो कसेबसे म्हणतो, आणि पुढचा शब्द येत नाही. मग तो फावडे घेऊन गाडीवर घाव घालत सुटतो.

२०१९ साली माझे वडील गेले. स्मशानात दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला. ते माझ्याकडे शेवटचे काय म्हणाले असे कोणी विचारले, तर सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते, कारण शेवटचे ८ महिने ते मला त्यांची धाकटी बहीण समजत होते. मी म्हणाले, त्यांना झाडे आवडत आणि येथे झाडे आहेत. त्यापुढे मला बोलता आले नाही. घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की हे मी कोठे पाहिले होते.

भावनिक धोका म्हणजे काय हे स्कोर्सेसी यांना माझ्यापेक्षा नक्कीच चांगले कळते. मी एवढेच म्हणेन की त्या खुर्चीत बसलेले असताना मला धोका वाटला होता आणि मध्यंतरात उठून घरी जावेसे वाटले होते.

कृष्णधवल :

शुश्रूषाताई, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. ‘लोगन’ला रूपांतरित पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते, आणि मी स्वतः त्या चित्रपटाला माझ्या आक्षेपातून वगळतो. माझा राग त्यानंतर जे झाले त्यावर आहे. २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ची सुरुवातच लोगनची कबर उकरण्याने होते आणि त्याच्या हाडांची हत्यारे करून हाणामारी केली जाते. ‘लोगन’च्या शेवटी ज्या कबरीवरचा क्रूस लॉराने आडवा करून ‘एक्स’ केला होता, तीच ही कबर. त्याच वर्षी जुलैत टोनी स्टार्कची भूमिका केलेले रॉबर्ट डाउनी ज्युनियर मार्व्हलमध्ये परत येणार, या वेळी डॉक्टर डूम म्हणून, अशी घोषणा झाली. प्रसंग कितीही खरा असला तरी तो ज्यांच्या मालकीचा आहे ते त्याला शांतपणे पडू देत नाहीत. ‘पणाला काही लागत नाही’ याचा अर्थ मी असा घेतो.

आडवाट :

या चर्चेत ‘ब्लॅक पँथर’चा पुढचा भाग असलेल्या ‘वाकांडा फॉरएव्हर’चा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण येथे मृत्यू खोडण्याची सोयच नव्हती. ब्लॅक पँथरची भूमिका करणारे चॅडविक बोसमन २८ ऑगस्ट २०२० रोजी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. २०१६ साली झालेले निदान त्यांनी जगापासून लपवून ठेवले होते, म्हणजे ‘ब्लॅक पँथर’मधली ती सारी मारामारी आजार अंगात असताना केलेली होती. त्यांच्या जागी दुसरा नट घ्यायचा नाही असे ठरले. २०२२ सालच्या चित्रपटाच्या सुरुवातीला ब्लॅक पँथरची बहीण शुरी प्रयोगशाळेत औषधासाठी धडपडते आहे. ती या विश्वातली सर्वांत बुद्धिमान शास्त्रज्ञांपैकी एक आहे, आणि आई येऊन सांगते की तो गेला. भाऊ आपल्याला एकदाही दिसत नाही. पांढऱ्या कपड्यांतली अंत्ययात्रा होते, आणि त्यानंतर मार्व्हलचे जे बोधचिन्ह नेहमी वाजतगाजत येते ते एकही स्वर न वाजता, फक्त बोसमन यांच्या चित्रांनी भरून येते. मी पाहिले त्या खेळाला चित्रपटगृह भरलेले होते आणि कोणी खोकलेसुद्धा नाही.

मात्र कृष्णधवल यांना पाठिंबा देणारी गोष्टही याच चित्रपटात आहे. मधल्या भागात समुद्राखालच्या राज्याशी युद्ध, नवी यंत्रे, पुढच्या मालिकेसाठी आणलेली नवी नायिका असे इतके काही येते की शोकाला बसायला जागा मिळत नाही. राणी रामोंडा झालेल्या अँजेला बॅसेट एकट्याने तो शोक धरून ठेवतात. त्यांना या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. शेवटी हैतीच्या किनाऱ्यावर शुरी शोकाची वस्त्रे जाळते आणि भावाला आठवते, तेव्हा चित्रपटाला पुन्हा त्याचा सूर सापडतो. अडीच तासांहून मोठ्या चित्रपटातली मला ती पहिली आणि शेवटची काही मिनिटेच हवी होती.

पहिल्या ‘ब्लॅक पँथर’मधल्या खलनायक किलमाँगरच्या मरणाविषयीही एक वाक्य. त्याला वाचवता येईल असे राजा, म्हणजे ब्लॅक पँथर, सांगतो आणि तो नकार देतो. गुलामीपेक्षा मरण बरे हे जाणून ज्यांनी जहाजांवरून उड्या घेतल्या, त्या माझ्या पूर्वजांबरोबर मला समुद्रात पुरा, असे तो म्हणतो. येथे पणाला लागलेली गोष्ट चित्रपटाबाहेर, अटलांटिकच्या तळाशी आहे, आणि ती कोणत्याही पुढच्या भागात परत आणता येणार नाही.

नदीकाठ :

मी थोडक्यात लिहितो. आपण सर्व जण अमेरिकेतल्या चित्रपटांविषयी बोलत आहात, पण बेसिल जोसेफ यांचा २०२१ सालचा मल्याळम ‘मिन्नल मुरळी’ या प्रश्नासाठी अवश्य पाहावा. एकाच विजेचा तडाखा दोघांना बसतो आणि दोघांनाही शक्ती मिळते. त्यातला खलनायक शिबू हा चहाच्या टपरीवर राबणारा, गावाने वेडा ठरवलेला माणूस आहे. ज्या उषाची त्याने २८ वर्षे वाट पाहिली ती एकदा त्याला होकार देते, आणि गुरू सोमसुंदरम यांचा चेहरा एकाच वेळी हसू आणि रडू लागतो. त्या क्षणी त्याच्या विजेला काहीही काम नसते. खलनायकासाठी मी इतका कधीच गलबललो नव्हतो.

सायंप्रकाश :

सर्वांचे आभार. शुश्रूषाताई, आपला प्रतिसाद मी भावाला मोठ्याने वाचून दाखवला आणि वाचताना मला मध्ये थांबावे लागले.

मधली ओळ यांच्या सूचनेप्रमाणे आम्ही आगगाडीचा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहिला. गाडी थांबवण्याचा भाग आवाजाविना बराच लांबलेला वाटला, आणि भावाने ते लगेच दाखवून दिले. मात्र हात पुढे येऊन त्याला सावरतात तेथे काहीही कमी झाले नाही. उलट त्या हातांची घाई नीट दिसली. त्यांना त्याला पकडायचेही आहे आणि दुखवायचेही नाही. भाऊ म्हणाला की हे संगीताने घडवलेले नाही, एवढे तो मान्य करतो. स्कोर्सेसी यांचा तो लेखही आम्ही दोघांनी मिळून वाचला, आणि पडद्यांच्या प्रश्नावर मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची झाले. आमच्या तालुक्याच्या गावी आता एकच चित्रपटगृह उरले आहे आणि तेथे वर्षभर काय लागते हे मी पाहते आहे.

त्यानंतर कृष्णधवल यांनी सांगितलेला टेबलापाशी घडणारा प्रसंग पाहिला. लहानपणी मी तो लक्षही न देता जाऊ दिला असावा, कारण मला तो जवळजवळ आठवत नव्हता. बेन काकांच्या कबरीवरून दोघे घरी आले आहेत. काका चोराच्या हातून मारले गेले त्या रात्री जे घडले त्याचा दोष मे मावशी स्वतःकडे घेत असतात, आणि पीटरला ते सहन होत नाही. चोर आपल्यासमोरून पळत होता, आपण त्याला अडवू शकत होतो, आणि आपण त्याला जाऊ दिले, हे तो सांगून टाकतो. येथे ना मुखवटा आहे ना पोशाख. दोन माणसे, एक टेबल आणि त्याच्या हातावर ठेवलेला तिचा हात, एवढेच आहे. ज्या मुलाने गाडीभर माणसे वाचवली त्याला या खोलीत वाचवण्यासारखे काही उरलेले नाही. जे करायचे होते ते दोन वर्षांपूर्वी करायचे राहून गेले आहे. कृष्णधवल, पहिल्या आणि दुसऱ्या चित्रपटात ईबर्ट यांना जो फरक जाणवला तो याच खोलीत आहे असे आपल्याला म्हणायचे होते का?

कृष्णधवल :

होय, मला तेच म्हणायचे होते. पहिल्या चित्रपटात काकांचा मृत्यू हा नायक घडवण्यासाठी वापरला आहे. दुसऱ्यात त्याच मृत्यूचा हिशेब एका वृद्ध बाईसमोर द्यावा लागतो. पुढे मावशी त्याला क्षमा करतात हे खरे, पण ती क्षमा मिळेपर्यंत बराच काळ जातो, आणि तोपर्यंत त्यांच्या घराचे सामान खोक्यांत भरले जात असते. आपण उल्लेख केलेल्या त्या हाताकडे मात्र पुन्हा एकदा पाहावे. पीटरचे बोलणे संपते, तेव्हा मावशी झालेल्या रोझमेरी हॅरिस काहीही बोलत नाहीत. त्या आपला हात काढून घेतात, खुर्चीवरून उठतात आणि जिना चढून वर निघून जातात. पीटर टेबलापाशी तसाच बसून राहतो.